वाया जाते तेही विकतच घेतलेले असते

१ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाची ‘कार्बन सीमा समायोजन यंत्रणा’ प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आली. लोखंड व पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज या गटांतील माल युरोपात आणणाऱ्या आयातदाराला, तो माल तयार होताना किती कार्बन हवेत गेला याचा हिशेब द्यावा लागतो आणि त्या प्रमाणात प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागतात. ऑक्टोबर २०२३ पासून दोन वर्षांहून अधिक काळ केवळ माहिती देण्याचे बंधन होते, आता तिच्यावर पैसा मोजावा लागणार आहे. पैसे भरणारा आयातदार युरोपातला असला, तरी त्या खर्चाचा ताण अखेर विकसनशील देशांतील कारखानदाराच्या दरावर येतो. त्यामुळे ‘शाश्वत उत्पादन’ हा विषय परिषदांमधून उठून थेट खरेदीच्या ऑर्डरवर येऊन बसला आहे.

अशा वेळी छोट्या-मध्यम उद्योजकाच्या मनात येणारा पहिला विचार साहजिक आहे: श्रीमंत देशांनी शंभर-दीडशे वर्षे मनसोक्त कोळसा जाळला आणि आता नियम आम्हाला. या तक्रारीत तथ्य आहे आणि तिच्याकडे पुढे येऊच. परंतु या तक्रारीच्या भरात एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. शाश्वत पद्धतींमुळे उद्योगाला होणाऱ्या फायद्याचा मोठा भाग युरोपातील कोणत्याही नियमावर अवलंबून नाही. तो कारखान्याच्या आत, वीजबिलात, इंधनाच्या खात्यात आणि भंगाराच्या ढिगात पडलेला असतो. तो तिथेच का पडून राहतो, हे समजून घेणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

शाश्वत पद्धती म्हणजे नेमके काय

१९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाने संयुक्त राष्ट्रांसाठी केलेल्या अहवालात शाश्वत विकासाची जी व्याख्या दिली, ती आजही प्रमाण मानली जाते: भावी पिढ्यांना आपल्या गरजा भागवता येतील ही क्षमता शाबूत ठेवून आजच्या गरजा भागवणे. व्याख्या योग्य आहे, पण कारखान्याच्या दारात उभे राहून तिचा काय उपयोग करायचा हे तिच्यातून कळत नाही. व्यवसायाच्या भाषेत तिचा अर्थ असा लावता येईल: तितकेच किंवा अधिक उत्पादन कमी ऊर्जा, कमी पाणी आणि कमी कच्चा माल वापरून करणे, ज्या नदीवर, जमिनीवर व माणसांवर व्यवसाय उभा आहे त्यांना झिजवून न टाकणे, आणि या सगळ्याचे मोजमाप ठेवणे.

वर्षातून एकदा झाडे लावणे किंवा नफ्यातला काही भाग दान देणे या चांगल्या गोष्टी आहेत, पण त्या या व्याख्येत बसत नाहीत. कमावलेले पैसे कसे खर्चावेत हा त्यांचा विषय आहे आणि शाश्वत पद्धतींचा विषय पैसे कमावले कसे जातात हा आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच अनेक उद्योजक या सर्व प्रकाराला ‘नफा झाला तर करायचे काम’ असे समजतात.

पहिला फायदा भिंतींच्या आतला

धुराड्यातून निघून जाणारी उष्णता म्हणजे पैसे देऊन घेतलेले इंधन असते, नाल्यात सोडलेल्या पाण्यातला रंग हा रंगाच्या दुकानातून आलेला असतो आणि भंगारात गेलेला पत्रा चांगल्या पत्र्याच्याच भावाने घेतलेला असतो. प्रदूषण असे ज्याला आपण म्हणतो, त्याचा बराचसा भाग हा खरेदी करून न वापरलेला माल असतो. ही गोष्ट एकदा नीट लक्षात आली की पुढचा हिशेब सोपा होतो.

विजेपासून सुरुवात करू. जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण विजेपैकी साधारण ४५ टक्के वीज मोटारींवर चालणाऱ्या यंत्रणा वापरतात, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. मोटार विकत घेताना आपण तिच्या किमतीवर घासाघीस करतो, पण सतत चालणाऱ्या मोटारीच्या आयुष्यभराच्या खर्चात तिची किंमत अगदी किरकोळ असते आणि बाकी जवळपास सगळा खर्च विजेचा असतो. त्यातच विकसनशील देशांत जळालेली मोटार पुन्हा पुन्हा रिवाइंड करून वापरण्याची पद्धत आहे. रिवाइंडिंग निकृष्ट झाले, तर प्रत्येक वेळी मोटारीची कार्यक्षमता थोडी घसरते. ही घसरण कुठल्याही बिलावर वेगळी छापून येत नाही.

पंप आणि पंख्यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. बऱ्याच ठिकाणी पंप पूर्ण वेगाने चालू असतो आणि पाणी कमी हवे असेल तेव्हा पुढचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद केला जातो. गाडी चालवताना एका पायाने वेग वाढवत ठेवावा आणि दुसऱ्या पायाने ब्रेक दाबून धरावा, तसाच हा प्रकार आहे. याउलट मोटारीचाच वेग कमी केला, तर भौतिकशास्त्राचा एक नियम आपल्या बाजूने काम करू लागतो. पंखा किंवा पंप यांना लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला, तर लागणारी शक्ती ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ५१ टक्क्यांवर येते. पाणी बरेच उंच चढवायचे असेल तिथे बचत यापेक्षा कमी होते, परंतु हवा खेळवणारे पंखे आणि बंद चक्रात फिरणारे पाणी यांच्या बाबतीत ती या आकड्याच्या जवळपास जाते. मोटारीचा वेग बदलणारे उपकरण, ज्याला कारखान्यात नुसते ‘ड्राइव्ह’ म्हणतात, हे काम करते.

दाबाखालची हवा ही कारखान्यातली सर्वांत महाग ‘वीज’ असते, कारण कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होऊन निघून जातो. देखभाल नसलेल्या जाळ्यात कॉम्प्रेसरच्या एकूण हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळतीतून जाणे ही सर्वसाधारण बाब मानली जाते. यंत्रांना गरज नसताना दाब एक ‘बार’ने (बार हे दाबाचे एकक) अधिक ठेवला, तर सुमारे सात टक्के वीज जास्त लागते. बॉयलरचेही तसेच आहे: वापरून झालेल्या वाफेचे गरम पाणी परत आणून किंवा धुराड्यातली उष्णता वापरून बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचे तापमान सहा अंशांनी वाढवले, की साधारण एक टक्का इंधन वाचते. यातल्या कोणत्याच कामाला नवे संशोधन लागत नाही. गळती शोधायला सुट्टीच्या दिवशी, यंत्रे बंद आणि कॉम्प्रेसर चालू असताना, कारखान्यातून कान देऊन एक फेरी मारणे हीसुद्धा चांगली सुरुवात असते.

विकसनशील देशांत हा फायदा तुलनेने मोठा असण्याची कारणे आहेत. यंत्रे जुनी किंवा दुसऱ्या हातची असतात. इंधन अनेकदा आयात केलेले असते, त्यामुळे स्थानिक चलन घसरले की काहीही न बदलता खर्च वाढतो. शिवाय घरगुती आणि शेतीच्या ग्राहकांना स्वस्त वीज देता यावी म्हणून कित्येक देशांत उद्योगांकडून चढा दर घेतला जातो. जिथे प्रत्येक युनिट महाग आहे, तिथे वाचलेले प्रत्येक युनिटही तितकेच मोलाचे असते.

इथे ‘परतफेडीचा काळ’ ही एक संज्ञा समजून घ्यावी लागेल. एखाद्या सुधारणेवर केलेला खर्च तिच्यातून होणाऱ्या बचतीने भरून यायला जितका काळ लागतो, तो परतफेडीचा काळ. शंभर रुपये खर्च करून वर्षाला पन्नास रुपये वाचत असतील, तर हा काळ दोन वर्षांचा. त्यानंतरची बचत उपकरण टिकेल तोवर निव्वळ हातात राहते. दोन वर्षांची परतफेड म्हणजे गुंतवणुकीवर वर्षाला ५० टक्के परतावा, आणि महागड्या कर्जाचे व्याज देऊनही त्यात भरपूर उरते.

वीटभट्टीतला प्रयोग

बांगलादेशातील वीटभट्ट्यांवर झालेला एक अभ्यास मला या संपूर्ण विषयातला सर्वांत शिकण्यासारखा पुरावा वाटतो. २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. वीटभट्टी हा विकसनशील जगातल्या उद्योगाचा अगदी प्रातिनिधिक नमुना आहे: हंगामी, बव्हंशी अनौपचारिक, कोळशावर चालणारा, नियमांच्या पलीकडे राहिलेला आणि आसपासच्या गावांची हवा बिघडवणारा. संशोधकांनी खुलना विभागातील २७६ भट्ट्या निवडल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे गट पाडले. काही भट्ट्यांच्या मालकांना व कामगारांना प्रशिक्षण मिळाले, उरलेल्या नेहमीप्रमाणे चालू राहिल्या.

शिकवलेल्या गोष्टी कमालीच्या साध्या होत्या. कोळसा एकदम भरभरून टाकण्याऐवजी थोडा थोडा आणि सतत टाकायचा, म्हणजे तो पूर्ण जळतो. विटा अशा रचायच्या की त्यांच्यामधून हवा नीट खेळेल. वरचा राखेचा थर जाड ठेवायचा, म्हणजे उष्णता निसटत नाही. यासाठी नवी भट्टी बांधायची गरज नव्हती आणि मोठे यंत्र आणायचीही नव्हती.

प्रशिक्षण मिळालेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के भट्ट्यांनी या सुधारणा स्वीकारल्या. ज्यांनी स्वीकारल्या त्यांचा ऊर्जेचा वापर सुमारे २३ टक्क्यांनी घटला, कार्बन डायऑक्साइड आणि फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म धूलिकण यांचे उत्सर्जन सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले, आणि विटांचा दर्जाही सुधारला. मालकांना कोणताही दंड झाला नव्हता, अनुदान मिळाले नव्हते. कोळशाचा खर्च कमी होतो हे डोळ्यांनी दिसल्यावर त्यांनी पद्धत बदलली. हवा स्वच्छ करण्याचा सरकारी खटाटोप जिथे वर्षानुवर्षे फोल ठरला होता, तिथे भट्टीमालकाचा फायदा आणि शेजारच्या गावाचा श्वास हे दोन्ही एकाच दिशेला वळवता आले.

फायदा आहे, तर सगळे का करत नाहीत?

हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर ‘लोकांना माहिती नाही’ एवढ्यावर संपत नाही. पाकिस्तानातील सियालकोट शहरात झालेला एक प्रयोग, ज्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, यावर चांगला प्रकाश टाकतो.

सियालकोट हे हाताने शिवलेल्या फुटबॉलचे जगातील मोठे केंद्र आहे. नेहमीच्या फुटबॉलला २० षट्कोनी आणि १२ पंचकोनी तुकडे लागतात. षट्कोन एकमेकांना चिकटून बसतात, पंचकोन बसत नाहीत, त्यामुळे कृत्रिम चामड्याच्या पट्ट्यातून पंचकोन कापताना मधली जागा वाया जाते. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने पंचकोनांची कमीत कमी वाया जाणारी मांडणी वापरून कापण्याचा नवा साचा तयार केला आणि ३५ कारखान्यांना तो फुकट दिला. कच्चा माल हा या धंद्यातला मोठा खर्च असल्यामुळे साचा हातोहात स्वीकारला जाईल अशी अपेक्षा होती. पंधरा महिने उलटल्यावरही तो वापरणारे कारखाने मोजकेच होते.

कारण कापणाऱ्या कामगाराच्या मजुरीत सापडले. त्याला नगामागे मजुरी मिळत होती. नव्या साच्याची सवय होईपर्यंत त्याचा हात मंदावणार होता, म्हणजे त्याची कमाई घटणार होती. वाचलेल्या चामड्याचे पैसे मात्र मालकाला मिळणार होते. तेव्हा साचा चांगला नाही, असे मालकाला सांगणे हे कामगाराच्या दृष्टीने शहाणपणाचे होते. पुढे संशोधकांनी काही कारखान्यांत एका कापणाऱ्याला व एका छपाई करणाऱ्याला, साचा नीट वापरून दाखवल्यास, साधारण महिन्याभराच्या कमाईइतकी रक्कम देऊ केली. मालकाच्या उलाढालीच्या मानाने ही रक्कम नगण्य होती, तरी त्या कारखान्यांत साच्याचा वापर ठळकपणे वाढला.

मला इथे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते की शाश्वततेवरच्या बहुतेक चर्चा या प्रश्नाला बगल देतात. यंत्र, तंत्र, प्रमाणपत्र यांवर तासन्‌तास बोलले जाते, पण वाचलेल्या पैशातला वाटा कोणाला मिळणार हे कोणी विचारत नाही. बॉयलरवर काम करणाऱ्या माणसाला कोळसा वाचवल्याचे काहीच मिळत नसेल आणि वाफेचा दाब क्षणभर कमी पडला तर बोलणी खावी लागत असतील, तर तो नेहमीच जरुरीपेक्षा जास्त कोळसा टाकणार. त्यात त्याचा आळस किंवा अज्ञान शोधणे अन्यायाचे आहे. जी पद्धत कामगाराच्या खिशाला झळ लावून मालकाचा खर्च वाचवते, ती टिकत नाही.

वीज गेली, पाणी आटले तर

दुसरा फायदा बचतीपेक्षा वेगळा आहे. तो काम अखंड चालू राहण्याचा आहे. जागतिक बँकेच्या २०१९ च्या एका अहवालानुसार, वीज, पाणी, वाहतूक अशा सुविधा खंडित झाल्यामुळे अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील कुटुंबांना आणि उद्योगांना वर्षाला किमान ३९० अब्ज डॉलरचा फटका बसतो. वीज गेली की डिझेल जनरेटर सुरू होतो आणि त्याच्या प्रत्येक युनिटची किंमत जाळ्यातल्या विजेपेक्षा कितीतरी अधिक असते.

२०१० च्या दशकात सौर पॅनेलच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्यामुळे हे चित्र पालटू लागले आहे. पाकिस्तानात विजेचे दर झपाट्याने चढल्यावर कारखान्यांनी, शेतकऱ्यांनी आणि घरमालकांनी आपापल्या छपरांवर पॅनेल बसवले, इतके की त्या देशाने २०२४ या एका वर्षात सुमारे १७ गिगावॉट क्षमतेची पॅनेल आयात केली. यामागे पर्यावरणाची मोहीम फारशी नव्हती, बिलाचा आकडा होता. मात्र याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जे छपरावर वीज तयार करू शकतात ते जाळ्यातून कमी वीज घेतात, पण वीजप्रकल्पांना द्यायची ठरावीक देणी तशीच राहतात आणि ती उरलेल्या, बहुधा गरीब, ग्राहकांच्या बिलावर चढतात. एका उद्योगाला फायद्याची असलेली गोष्ट सर्वांच्या फायद्याची व्हायची असेल, तर वीजदरांची रचना बदलावी लागते, आणि ते काम कारखानदाराच्या हातातले नसून सरकारचे आहे.

पाण्याच्या बाबतीत तमिळनाडूतील तिरुप्पूरचा अनुभव पुरेसा गंभीर आहे. निटवेअरच्या या केंद्रात कापड रंगवताना मोठ्या प्रमाणावर मीठ वापरले जाते. ते मीठ आणि रंग नोय्यल नदीत जात राहिले, खालच्या बाजूच्या शेतजमिनी आणि विहिरी खराब झाल्या, शेतकरी न्यायालयात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने सुमारे सातशे रंगकाम युनिट्स बंद झाली. नदीला फुकटचा नाला समजण्याची किंमत एका दिवसात संपूर्ण शहराच्या धंद्याने मोजली. त्यानंतर तिथल्या उद्योगाने सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत उभी केली. सूक्ष्म पडद्यांतून पाणी गाळायचे, उरलेले खारे पाणी आटवायचे, आणि पाणी व मीठ दोन्ही पुन्हा रंगकामात वापरायचे. आज तिथे प्रक्रियेतले ९० टक्क्यांहून अधिक पाणी परत वापरात येते.

हा मार्ग स्वस्त नाही. खारे पाणी आटवायला भरपूर ऊर्जा लागते, उरलेल्या मिश्र क्षारांची विल्हेवाट हा प्रश्न आहेच, आणि या खर्चाखाली काही छोटी युनिट्स कायमची बंद झाली. म्हणून मी ‘शाश्वतता नेहमी फायद्याचीच असते’ असे म्हणणार नाही. गळती बंद करण्यासारखी कामे स्वतःचा खर्च लगेच भरून काढतात. सौर पॅनेल किंवा नवा बॉयलर यांचा खर्च भरून निघतो, पण त्यासाठी परतफेडीला सवड देणारे भांडवल लागते. सांडपाण्यावरची संपूर्ण प्रक्रिया मात्र एकट्या कारखान्याला बहुतेक वेळा परवडत नाही. ती तेव्हाच शक्य होते, जेव्हा कायदा सर्वांना सारखा लागू असतो आणि प्रामाणिकपणे खर्च करणाऱ्याला लबाडी करणाऱ्या शेजाऱ्याशी स्पर्धा करावी लागत नाही. तिरुप्पूरमध्ये हा खर्च वीस वर्षे आधी, टप्प्याटप्प्याने झाला असता, तर तो कमी आला असता एवढे खात्रीने म्हणता येते.

परदेशी ग्राहकांचे नियम हा छुपा अडसर आहे का?

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे येऊ. युरोपच्या कार्बन आकारणीला भारतासह अनेक विकसनशील देशांनी जागतिक व्यापार संघटनेत विरोध केला आहे आणि त्यामागचा युक्तिवाद सबळ आहे: हवामान करारांत ‘समान पण भिन्न जबाबदाऱ्या’ हे तत्त्व मान्य असताना, गरीब देशातल्या आणि श्रीमंत देशातल्या टनभर पोलादाला एकच माप लावणे न्याय्य नाही. हा वाद राजनैतिक पातळीवर चालू राहावा, हेच योग्य आहे.

पण कारखानदाराला वादाचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही, आणि या यंत्रणेतल्या दोन तरतुदी त्याने समजून घ्यायला हव्यात. पहिली अशी की आपल्या प्रत्यक्ष उत्सर्जनाची पडताळलेली आकडेवारी दिली नाही, तर युरोप स्वतः ठरवलेला आकडा धरतो आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. म्हणजे ज्याची प्रक्रिया स्वच्छ आहे पण नोंदी नाहीत, त्याला इतरांच्या धुराचा भुर्दंड पडतो. दुसरी अशी की मालाच्या मूळ देशात कार्बनसाठी किंमत मोजलेली असेल, तर तेवढी वजावट मिळते. म्हणूनच भारताने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली आणि ब्राझीलने २०२४ अखेरीस स्वतःच्या कार्बन बाजाराचा कायदा केला, या घटनांना व्यापारी अर्थही आहे. कार्बनची किंमत देशातच घेतली, तर तो पैसा युरोपच्या तिजोरीत जाण्याऐवजी देशात राहून कारखान्यांच्या सुधारणेला वापरता येऊ शकतो.

युरोपचा जंगलतोडविषयक कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याच्या अंमलबजावणीची तारीख एकाहून अधिक वेळा पुढे गेली. कॉफी, कोको, रबर, पामतेल, सोया, लाकूड आणि गुरांपासूनची उत्पादने ज्या जमिनीवर तयार झाली, तिचे भौगोलिक स्थान दाखवावे अशी त्याची अट आहे. मोठ्या मळ्याला हे सोपे आहे. एक-दोन एकरांच्या हजारो शेतकऱ्यांकडून माल गोळा करणाऱ्या निर्यातदाराला ते अवघड आहे, आणि सोय म्हणून तो छोट्या शेतकऱ्यांना वगळेल ही भीती खरी आहे. इथे सहकारी संस्था आणि सरकार यांनी जमिनींच्या नोंदी एकत्रितपणे केल्या नाहीत, तर शाश्वततेच्या नावाखाली सर्वांत कमी नुकसान करणाऱ्यालाच बाजाराबाहेर घालवले जाईल.

माणसांच्या सुरक्षिततेची गोष्ट निराळी काढायला नको, कारण ती याच विषयाचा भाग आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात सावार येथील राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बंधनकारक करार झाला, कारखान्यांची स्वतंत्र तपासणी सुरू झाली आणि दुरुस्तीवर मोठा खर्च झाला. तो खर्च देशाच्या तयार कपड्यांच्या उद्योगाला बुडवेल असे त्या वेळी म्हटले जात होते. उद्योग बुडाला नाही, बांगलादेश जगातील आघाडीचा कपडे-निर्यातदार राहिला. त्या माणसांचे जीव मात्र कोणत्याही हिशेबात भरून येणारे नाहीत, आणि तपासणी आधीच झाली असती तर ते वाचले असते.

छोट्यांना हे परवडते का?

जगातील सुमारे ९० टक्के उद्योग लहान व मध्यम आहेत, तेव्हा त्यांना न परवडणारी शाश्वतता ही शाश्वतता म्हणण्याच्या लायकीची नाही. त्यांची अडचण बहुधा नफ्याची नसते, रोख पैशाची असते. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या २०१७ मधील अंदाजानुसार विकसनशील देशांतील सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची न भागलेली कर्जाची गरज वर्षाला सुमारे ५.२ लाख कोटी डॉलर इतकी होती. बँक जमीन किंवा इमारत तारण मागते. उद्या होणारी विजेची बचत तारण म्हणून ठेवता येत नाही.

यावर काही देशांनी चांगले मार्ग काढले आहेत. थायलंडने २००३ मध्ये ऊर्जाबचतीसाठी फिरता निधी सुरू केला. सरकारने बँकांना बिनव्याजी पैसा दिला आणि बँकांनी तो जास्तीत जास्त चार टक्के व्याजाने उद्योगांना द्यावा अशी अट घातली. कर्ज बुडण्याची जोखीम बँकेचीच असल्यामुळे बँका प्रकल्प नीट तपासायला शिकल्या. दुसरा मार्ग ऊर्जासेवा कंपन्यांचा आहे. अशी कंपनी स्वतःच्या पैशाने उपकरणे बसवते आणि ठरलेली काही वर्षे बचतीतला हिस्सा घेते. इथे सर्व काही मोजमापावर अवलंबून असते, कारण आधी किती वीज लागत होती याच्या नोंदी नसतील, तर किती वाचली यावर भांडण ठरलेलेच.

केनियातील एम-कोपा या कंपनीने २०१२ पासून हीच अडचण व्यवसायाची संधी मानली. सौर दिव्यांचा संच एकरकमी घेऊ न शकणाऱ्या कुटुंबांना तो छोट्या अनामत रकमेवर द्यायचा आणि पुढचे हप्ते मोबाइलवरून रोज थोडे थोडे घ्यायचे, अशी ही योजना होती. हप्ता थांबला की संच दुरून बंद होतो, भरला की पुन्हा चालू होतो. रॉकेलवर रोज जाणारा पैसा हप्त्याकडे वळला. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा तिथे २००७ पासूनच रुजलेली होती, म्हणूनच हे जमले. एका देशातली युक्ती दुसरीकडे नेण्यापूर्वी ती कशाच्या आधारावर उभी आहे, हे तपासावे लागते.

हा नुसता देखावा नाही हे कसे ओळखावे

हिरवा मुलामा, म्हणजे प्रत्यक्षात काही न बदलता पर्यावरणस्नेही असल्याची जाहिरात, हा प्रकार सर्वत्र आहे आणि त्याने प्रामाणिक उद्योगांचेच नुकसान होते. त्याला ओळखण्याची खूण म्हणजे एकक. ‘आम्ही दहा लाख लिटर पाणी वाचवले’ या विधानातून काहीच कळत नाही, कारण त्या वर्षी उत्पादनच घटले असू शकते. एक किलो कापड रंगवायला किती लिटर पाणी लागले, एक टन माल वितळवायला किती युनिट लागली, आणि हा आकडा गेल्या तीन वर्षांत कसा बदलला, हे सांगणाऱ्या कंपनीवर विश्वास ठेवता येतो.

हेच एकक सुरुवात करू पाहणाऱ्या उद्योजकालाही लागते. संपूर्ण कारखान्यासाठी एकच वीजमीटर असेल, तर बिल वाढले हे कळते, पण कशामुळे वाढले हे कळत नाही. कॉम्प्रेसर, बॉयलरचे पंखे, पाण्याचे पंप अशा तीन-चार मोठ्या भारांवर वेगळे मीटर बसवणे, त्यांची नोंद रोज उत्पादनाच्या आकड्याशेजारी लिहिणे, आणि ती वही कार्यालयाच्या कपाटात न ठेवता यंत्राजवळ, ते चालवणाऱ्या माणसाच्या हातात ठेवणे, इतके काम पहिल्या महिन्यासाठी पुरते. एकाच औद्योगिक वसाहतीतले आठ-दहा छोटे कारखानदार मिळून एक ऊर्जा तपासणीस नेमू शकतात, म्हणजे खर्च विभागला जातो आणि शेजारच्या कारखान्यात एक टन मालाला आपल्यापेक्षा कमी युनिट का लागतात, हेही पहिल्यांदाच समोरासमोर बसून पाहता येते.